भरल्या गाडीचं माप

फाल्गुन लागला की नाशकातल्या हातगाड्यांचा रंग बदलतो. कालपर्यंत जिथे बोरं आणि पेरू होते तिथे एका सकाळी हिरवेपिवळे घड रचलेले दिसतात आणि विकणारा त्यांच्यावर पाण्याचे हबके मारत असतो. मी दरवर्षी पहिल्याच गाडीपाशी थांबतो, एक मणी तोंडात टाकतो, तो आंबट निघतो आणि तरीही मी अर्धा किलो घेतो. द्राक्षं खाताना कुणाला सरती थंडी आठवत असेल, कुणाला परीक्षा. मला सायलेन्सर आठवतो. ह्यात काव्य नाही हे मला कळतं, पण माझा इलाज नाही. साल दाताखाली फुटली की आधी जळक्या डिझेलचा वास येतो, मग तापलेल्या लोखंडाचा, आणि मग गाडीच्या पोटाखालून कुठूनतरी ‘ठण्ण’ असा आवाज.

तो हंगाम नव्वदच्या दशकाच्या शेवटचा. गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. सायीच्या रंगाची जुनी ॲम्बॅसिडर, सत्तरच्या दशकातली, एका डॉक्टरांकडून घेतलेली. दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज यायचा. अण्णा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि लगेच ती घरी आली. त्यानंतर अण्णा पायी कुठे गेल्याचं मला आठवत नाही. कोपऱ्यावरून दूध आणायलासुद्धा गाडी निघे. ती बाहेर काढून, दूध घेऊन, पुन्हा फाटकातून मागे-पुढे करत आत लावेपर्यंत आईने शेजारून वाटीभर दूध आणून चहा उरकलेला असायचा. आई चिडायची. पण निवृत्तीनंतर अण्णांना ‘साहेब’ म्हणणारा गावात एकच माणूस उरला होता, तो म्हणजे पंपावर हवा भरणारा, आणि तो गाडीशिवाय भेटत नव्हता.

पुढे त्या गाडीचं इंजिन पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त पिऊ लागलं. तेव्हा ज्याच्या त्याच्या जुन्या गाडीत डिझेल इंजिन बसवायची लाट आली होती. अण्णांनीही नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या रज्जाकभाईंच्या गॅरेजमध्ये एका टेम्पोचं इंजिन गाडीत बसवून घेतलं. इंजिन बदलल्याची नोंद मी आर.टी.ओ.त जाऊन गाडीच्या पुस्तकात करून घेतली, कारण नोंद नसलेल्या इंजिनामागे मी बसलो नसतो.

इंजिन बसलं, सुरूही झालं. अडचण एवढीच होती की जुन्या इंजिनाचा धूर डाव्या बाजूने बाहेर पडायचा आणि ह्याचा पडायचा उजव्या बाजूने. गाडीखालचं सगळं बिऱ्हाड, म्हणजे सायलेन्सर, त्याला टांगणारे रबरी पट्टे, मागे जाणारा पाईप, हे डावीकडे मांडलेलं. त्यामुळे धुराने उजवीकडे जन्म घ्यायचा, स्टिअरिंगच्या पेटीला न चिकटता खाली उतरायचं, गिअरबॉक्सखालून रस्ता ओलांडायचा, डावीकडे सायलेन्सरमध्ये शिरायचं, तिथून निघून मागच्या ॲक्सलवरून, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्यावरून, उडी मारायची आणि मग बंपरखालून बाहेर पडायचं. नाशिकहून मुंबईला मनमाडवरून जावं तसा हा प्रवास होता.

रज्जाकभाई मूळचे मालेगावचे. कुठलंही इंजिन त्यांच्या हाताने कुठल्याही गाडीत बसे. पाईपचा विषय निघाला की मात्र ते एकदम तत्त्वज्ञानात शिरत. “इंजिन दिल है साब. पाईप क्या, पाईप है. कहीं से भी निकलेगा.” मग त्यांनी अण्णांना सरळ सुचवलं, “ट्रकवानी साईडला काढून टाकू का? मागच्या चाकाच्या पुढेच. तासाभराचं काम.”

“रज्जाक,” अण्णा म्हणाले, “ही डॉक्टरांची गाडी आहे. धूर मागूनच निघाला पाहिजे.”

डॉक्टरांचा ह्यात काय संबंध ते आम्हा कुणालाच कळलं नाही, पण धूर मागूनच निघणार हे ठरलं. रज्जाकभाईंनी चार-पाच तुकडे जोडून एक पाईप तयार केला. तो प्रत्येक जोडातून थोडा थोडा बोलायचा. सगळे जोड एकदम बोलू लागले की गाडीत बसलेल्यांना बोलायची सोय उरत नसे.

ह्याच अवस्थेत संक्रांतीनंतर आम्ही आईच्या माहेरी गेलो. दादूमामाचा मळा दिंडोरीच्या पुढे. अंगणात गाडी शिरली तशी मामी हात पुशीत लगबगीने बाहेर आल्या आणि आम्हाला पाहून थबकल्या.

“अगंबाई, आक्का, तुम्ही व्हय! मला वाटलं फवारणीचा ट्रॅक्टर आला. मी गड्याला पाण्याची टाकी उघडाया धाडलं की!”

सगळे हसले. सगळ्यात जास्त आत्या हसल्या. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायच्या. आई हसली नाही. परतताना म्हसरूळपाशी त्या आवाजाच्या वर आवाज काढून तिने निकाल दिला, “फाल्गुनात दादू लेकींना बोलावेल. सगळे ह्याच गाडीतून जाऊ. माझ्या माहेरच्या दारात ही आवाज न करता उभी राहिली तर ठेवा. नाहीतर विकून टाका.”

मामाच्या घरची एक पद्धत होती. बागेतला माल व्यापाऱ्यासाठी तोडायच्या आधी घरच्या लेकींनी पहिला घड खुडायचा. आई ह्या बोलावण्याची वर्षभर वाट पाहायची. त्या दिवशी दोन बहिणी, त्यांचे नवरे, भावकीतली माणसं असे सगळे अंगणात असत. अशा वेळी फवारणीचा ट्रॅक्टर होऊन जाणं तिला मान्य नव्हतं, आणि मला तरी त्यात तिचं काही चुकतंय असं वाटलं नाही. तिचा निकाल ऐकून अण्णांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग जरा घट्ट धरलं एवढंच.

आता मला ह्यात पडावंच लागलं. मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. दिवसभर पट्ट्या आणि गेज हातात. एखादा भाग मापात बसतो किंवा बसत नाही, तिसरं उत्तर नाही, अशी सवय. रज्जाकभाईंचं माप सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात चालायचं, अण्णांचं बोटांत आणि माझं मिलिमीटरमध्ये. पहिल्या दिवशी आम्ही तिघे गाडीखाली वाकून बघत होतो आणि एकाच फटीची तीन उत्तरं देत होतो. तिन्ही बरोबर होती, असं आता वाटतं.

मी ठरवलं की तुकडे जोडायचे नाहीत, एकसंध पाईप वाकवून घ्यायचा. रज्जाकभाईंकडे वाकवायची पद्धत जुनी. पाईपमध्ये वाळू ठासून भरायची, तोंडं बंद करायची आणि तापवून वाकवायचा, म्हणजे वळणावर पाईप चेपत नाही. ती पद्धत चांगलीच आहे, फक्त नंतर वाळू काढून टाकायची असते. पहिल्या पाईपातली त्यांनी काढली, पण सगळी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी अंगणात गाडी सुरू करून जरा रेस दिली, आणि मागच्या बाजूने गरम वाळूचा एक लोट निघून थेट शेजारच्या देवरे काकूंच्या ओसरीवर गेला. तिथे जुनी नऊवारी अंथरून त्यांनी कुरडया वाळत घातल्या होत्या.

देवरे काकू कुरडयांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी अण्णांना विचारलं, “भाऊ, ही गाडी आहे का भट्टी?”

“वहिनी, वाळू स्वच्छ आहे. गोदावरीची आहे,” अण्णा म्हणाले.

ह्यावर काकूंनी जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. त्या वर्षी आईने त्यांना सगळ्या कुरडया करून दिल्या, आणि चीक ढवळताना दर खेपेला अण्णांकडे एकदा पाहून घेतलं.

मग मी रजा काढली. गाडी रज्जाकभाईंच्या खड्ड्यावर उभी केली आणि खाली उतरून सगळं मोजलं. इंजिनाच्या तोंडापासून स्टिअरिंगच्या पेटीचं अंतर, गिअरबॉक्सखालची जागा, हातब्रेकची तार, सायलेन्सरच्या कानांमधलं अंतर, ॲक्सल आणि वरचा पत्रा ह्यांच्यामधली पोकळी. घरी येऊन मोठ्या कागदावर नकाशा काढला. ॲक्सलवरच्या वळणाला सत्तर मिलिमीटर मोकळीक सोडली. पाईप कोणत्याही वस्तूला कुठेही शिवणार नाही असा तो नकाशा होता. रज्जाकभाईंनी तो उलटा धरला, मग सुलटा धरला आणि म्हणाले, “साब, ये तो बंगल्याचा प्लॅन हे.” पण पाईप त्यांनी तंतोतंत तसाच वाकवला, आणि वाळू मी स्वतः समोर उभं राहून झटकून घेतली.

अण्णांनी एकट्याने फेरी मारली. गंगापूर रोडने जाऊन आले. चेहरा असा, जणू पुन्हा नोकरीवर रुजू करून घेतलंय. “काही नाही. आवाज नाही, काही नाही. माझ्या छातीचे ठोके ऐकू येत होते.” संध्याकाळी सगळ्यांना घेऊन निघाले. अण्णा चालवायला, मी पुढे, मागे आई, आत्या आणि माझी बायको सुलभा. पहिल्याच गतिरोधकावर खालून आवाज आला: ठण्ण. दुसऱ्यावर ठण्ण-ठण्ण. आई म्हणाली, “झालं?” घरी येऊन मी खाली वाकून पाहिलं तर पाईप जागच्या जागी, सत्तरच्या सत्तर मिलिमीटर मोकळीक शाबूत. दुसऱ्या दिवशी अण्णा एकटे जाऊन आले. शांत. मी शेजारी बसून जाऊन आलो. शांत. संध्याकाळी सगळे निघालो, की ठण्ण.

“मी चालवतो तेव्हा वाजत नाही,” अण्णा जेवताना म्हणाले.

“चालवता नेहमी तुम्हीच,” आई म्हणाली.

“तसं नव्हे. एकटा असतो तेव्हा वाजत नाही.”

आईने पोळी वाढता वाढता हात थांबवला. “म्हणजे आम्ही बसलो की वाजते?”

अण्णांनी ताटाकडे पाहिलं. पण ते खरंच होतं. मागच्या सीटवर तीन बायका बसल्या की पाट्याच्या स्प्रिंगा दबत, गाडीची पाठ खाली येई, ॲक्सल पाईपला जाऊन भिडे. मी जगातला सगळ्यात बिनचूक नकाशा काढला होता, पण रिकाम्या गाडीचा. कारखान्यात आम्ही भाग पुसून, सपाट टेबलावर ठेवून, एकटा मोजतो. त्यावर कुणी बसलेलं नसतं.

“सगळ्यांची वजनं कळली तर मला स्प्रिंग किती दबते ते काढता येईल,” मी म्हणालो.

सुलभाने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी माझं वजन आधी सांगितलं. दुसरं कुणीही सांगितलं नाही. आत्या म्हणाल्या, “मला तोलायचं तर सोन्याच्या तागडीत तोल, मग सांगते.” आई म्हणाली की तिचं लग्नातलं वजन तिला आठवतंय, तेच धर.

ह्यातून मार्ग म्हणून मी एका ओळखीच्या अडत्याकडून कांद्याची तीन पोती रिक्षाने आणली. माणसांऐवजी पोती मागच्या सीटवर ठेवायची आणि मापं घ्यायची, असा बेत. पोती अंगणात उतरवत होतो तेव्हा आई बाहेर आली. कमरेवर हात ठेवून तिन्ही पोत्यांकडे तिने नीट पाहिलं आणि विचारलं, “ह्यातलं मी कोणतं?”

पोती त्याच रिक्षाने परत गेली. रज्जाकभाईंना हे सांगितलं तर ते मांडीवर थाप मारून हसले. “अच्छा हुआ साब. कांदा चुप बैठता है. ये लोग चुप बैठेंगे क्या? उन्हींको लेके आओ.”

म्हणून एका रविवारी सकाळी आमचं सगळं घर द्वारकेजवळच्या गॅरेजमध्ये, खड्ड्यावर उभ्या केलेल्या गाडीत जाऊन बसलं. आईने माहेरी जायच्या दिवशीचं पातळ नेसलं होतं. “जायच्या दिवशी जे बसणार तेच बसलं पाहिजे ना,” हा तिचा युक्तिवाद मला तपासणी विभागाचा माणूस म्हणून पूर्ण पटला. अण्णांनी टोपी घातली आणि बंद गाडीचं स्टिअरिंग धरून ते समोरच्या भिंतीकडे गंभीरपणे पाहत राहिले. रज्जाकभाई हातात खडू घेऊन खाली खड्ड्यात उतरले. गाडीच्या तळाला एका जागी रबरी बूच निघून भोक पडलं होतं, त्यातून त्यांचा आवाज आईच्या पायापाशी निघायचा.

“मावशी, जरा डावीकडे सरका. हां. आता थोडं मागे टेका. बस्स, बस्स! आया नीचे.”

“किती राहिलं, भाऊ?” आई भोकाला विचारायची.

“दोन सूत.”

“त्यांना मिलिमीटरमध्ये सांगा, नाहीतर जेवायचे नाहीत,” सुलभा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

रस्त्यावरून जाणारा एक रिक्षावाला थांबला. बराच वेळ त्याने पाहिलं. खड्ड्यावर गाडी, गाडीत नटूनथटून बसलेली माणसं, आणि गाडी कुठेच जात नाही. शेवटी त्याने खिडकीपाशी येऊन आत्यांना विचारलं, “काय मावशी, बंद पडली का? ढकलू का?”

“नाही रे बाबा,” आत्या म्हणाल्या. “आम्ही वजन आहोत.”

सुलभा पदरात तोंड घालून हसू लागली. ती हसली तशी आई हसली. तिघी हसू लागल्या तशी गाडी हलायला लागली आणि खालून रज्जाकभाई ओरडले, “हसते रहो, हसते रहो! अब असली झटका मालूम पड रहा है!” मग मात्र कुणाला थांबवेना. एक थांबली की दुसरी सुरू व्हायची. ॲक्सल वर-खाली होत होता, रज्जाकभाई खडूने खुणा करत होते आणि अण्णा समोर बघतच म्हणत होते, “अरे हळू, स्प्रिंग जुनी आहे.” मी खड्ड्याच्या पायरीवर बसून पट्टीने वाचत होतो. शांत बसल्यावर पासष्ट मिलिमीटर दबते आणि हसल्यावर पंच्याऐंशी. कारखान्यातल्या कुठल्याही नकाशावर मी हे दोन आकडे असे शेजारी शेजारी पाहिलेले नाहीत.

सगळ्यांना उतरवून रज्जाकभाईंनी पाईप नव्याने वाकवला, वेल्डिंगचे डाग दिले, पुन्हा सगळ्यांना बसवलं. ॲक्सलवर आता बोटभर जागा राहिली, तीही भरल्या गाडीत, हसताना. त्याहून वर पाईप नेता येत नव्हता, कारण वर पत्रा होता. रज्जाकभाईंनी खड्ड्यातून डोकं बाहेर काढून सांगितलं, “इतके ही लोग, अण्णा. एक भी ज्यादा नहीं.”

आता माझ्याकडे जी गाडी आहे तिचा सायलेन्सर मी कधीही पाहिलेला नाही. तळाला काळं आवरण आहे, ते काढायचं कारण पडत नाही. कितीही माणसं बसली तरी ती वाजत नाही, आणि कोण बसलंय ह्याच्याशी तिला काही घेणंदेणंही नाही. अण्णा आता नाहीत, आत्याही नाहीत. ॲम्बॅसिडर पुढे गेली ती रीतसर गेली, तिच्याबद्दल वाईट वाटून घ्यावं असं काही नाही. तरी एखाद्या रविवारी द्वारकेच्या उड्डाणपुलाखालून जाताना माझी नजर त्या बाजूला वळते. तिथे आता मोबाईलची दुकानं आहेत. आमचं अख्खं घर एकदा तिथे कुठेही न जाता दुपारपर्यंत बसलं होतं, हे तिथल्या कुणाला सांगितलं तर तो आधी विचारेल, कशासाठी? मग मला सुरुवात पुन्हा उजव्या आणि डाव्या बाजूपासून करावी लागेल.

त्या फाल्गुनात मामाचं बोलावणं आलं. सकाळी निघालो. गाडी खरोखरच शांत होती, म्हणजे डिझेल इंजिन जेवढं शांत असू शकतं तेवढी. म्हसरूळच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा लागल्या. मांडवावर पानं, पानांखाली घड, आणि सूर्य अजून खालीच असल्यामुळे मण्यांमधून आरपार उजेड. खिडकीतून ओल्या मातीचा आणि पानांवर सुकलेल्या औषधाचा मिसळलेला वास येत होता. गतिरोधक आले, गेले. प्रत्येकाला अण्णा श्वास धरायचे आणि उतरल्यावर सोडायचे, आणि त्यांच्याबरोबर आम्ही चौघेही. शांततेचा एक तोटा झाला. आत्या गाडीत सारखं काहीतरी पुटपुटत असत हे आम्हाला माहीत होतं, पण काय ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

“काय म्हणालात, वन्सं?” आईने विचारलं.

“काही नाही. देवाचं म्हणते,” आत्या म्हणाल्या.

मामाच्या अंगणात अण्णांनी गाडी अशी आणली, जणू खाली काच अंथरली आहे. इंजिन बंद केलं. ओट्यावर झोपलेल्या कुत्र्याने मानसुद्धा वर केली नाही. आईने पदर सारखा केला आणि ती वाट बघू लागली.

कुणीच आलं नाही. सगळे मागे बागेत होते. ऐकू येण्यासारखं काही झालंच नव्हतं, त्यामुळे बाहेर यायला कारणही नव्हतं. आम्ही पाचजण बंद गाडीत बसून रिकाम्या अंगणाकडे बघत होतो. दुसऱ्यांदा कुठेही न जाता.

“उतरूया का?” सुलभाने विचारलं.

“थांब, येईल कुणीतरी,” आई म्हणाली. तिला दारात उतरवून घ्यायला माणूस हवा होता. बराच वेळ गेला. मग ती पुढे वाकून म्हणाली, “अहो, हॉर्न वाजवा.”

अण्णांनी मान हलवली. “अट आवाज न करण्याची आहे.”

“मी सांगते ना!”

“आधी अट पुरी झाली म्हण.”

आईने तोंड उघडलं, तेवढ्यात मामी डोक्यावर घमेलं घेऊन घराच्या कोपऱ्यावरून आल्या, गाडी पाहून दचकल्या आणि घमेलं जवळजवळ सोडून म्हणाल्या, “अगंबाई! आक्का, कवा आला तुम्ही? आवाज बी नाय काय नाय!”

आई सावकाश उतरली. “नाही येत हिचा आवाज,” ती म्हणाली, जणू तो कधीच येत नव्हता. अण्णांकडे तिने पाहिलं नाही. पण मी अण्णांकडे पाहत होतो. टोपी काढून ते कपाळ पुसत होते.

बागेत शिरलं की आवाज बदलतो. मांडवाखाली माणसं आपोआप हळू बोलतात. कामाच्या बायका छोट्या कात्र्यांनी वरच्या घडांतले खराब मणी काढत उभ्या होत्या, क्लिक-क्लिक असा बारीक पाऊस सगळीकडे चालला होता. मामाने आईच्या हातात कात्री दिली. तिने टाचा उंचावून एक घड निवडला, सोडला, दुसरा निवडला, पुन्हा पहिल्याकडे आली आणि खुडला. तेवढा वेळ सगळे थांबले होते. घड तिने दोन्ही हातांत धरला, पालथा करून पाहिला आणि मामाला म्हणाली, “दादू, औंदा गोडी लय हाय.” नाशकात इतकी वर्षं राहून शुद्ध बोलणारी माझी आई मांडवाखाली आली की असं बोलायची.

जेवणं झाली, निघायची वेळ झाली. मी गाडीपाशी आलो तर मामा डिकी उघडून क्रेट चढवत होते. द्राक्षांनी शिगोशीग भरलेले क्रेट. मी मनात हिशेब केला. चार क्रेट म्हणजे साधारण एक आत्या. डिकीत चार गेले होते आणि ओसरीवर अजून दोन ठेवलेले दिसत होते.

अण्णा जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, “दादू, पुरे रे.”

“आसं नाय चालत, दाजी. लेकीची पाठवणी हाय. नाय म्हणू नका.”

“नाही, म्हणजे जागा…”

“का हो?” आई मागून म्हणाली. “माझ्या भावाने दिलेलं तुम्हाला जड होतंय?”

अण्णा बाजूला सरले. पाचवा गेला, सहावा गेला. प्रत्येक क्रेटला गाडीची पाठ थोडी थोडी खाली जात होती आणि अण्णांचे खांदे तिच्याबरोबर. मी वाकून पाहिलं. बोटभर जागेचा आता पत्ता नव्हता. पाईप ॲक्सलवर टेकला होता.

अंगणाच्या तोंडाशी पाण्याच्या पाटावर मातीचा उंचवटा होता. सगळं माहेर हात हलवत उभं होतं, दोन्ही मावश्या, भावकी, मामी. अण्णांनी जमेल तितक्या हळू गाडी त्यावर घातली. ठण्ण! कुत्रं उठून उभं राहिलं.

त्यानंतर म्हसरूळपर्यंत प्रत्येक खड्ड्याला ठण्ण आणि गतिरोधकाला ठण्ण-ठण्ण. आत्या देवाचंसुद्धा म्हणाल्या नाहीत. मी मनातल्या मनात आईची अट शब्दशः तपासली. अट माहेरच्या दारात उभं राहण्याची होती, परतीची नव्हती, आणि त्या मापात गाडी पास होती. पण आईच्या अटी अशा वाचायच्या नसतात हे मला ठाऊक होतं, आणि अण्णांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. ते रस्त्याकडे पाहत होते, पण असे, जणू हा रस्ता लक्षात ठेवायचा आहे.

आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा देवरे काकू आवाज ऐकून आपल्या कुरडया उचलायला धावल्या. अण्णांनी फाटकासमोर गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. कुणीच दार उघडलं नाही. आम्ही आईची वाट पाहत होतो.

आई म्हणाली, “अहो.”

“हं.”

“रज्जाकभाईला सांगून ठेवा. पुढच्या वर्षी आठ क्रेट धरून पाईप बसव म्हणावं. औंदा दादूने हात आखडता घेतला, गाडी बघून. मला कळलं.”

अण्णांना हे पोचायला वेळ लागला. “म्हणजे… विकायची नाही?”

“विकली तर आठ क्रेट आणायचे कशातून?” आई दार उघडत म्हणाली. “माझं माहेर काय रिकाम्या हाताने पाठवणारं आहे?”

अण्णा उतरले, मागे गेले आणि त्यांनी डिकी उघडली. मी मदतीला गेलो तर त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं. त्या वयात त्यांनी एकट्याने क्रेट उचलायला सुरुवात केली. आई फाटकात उभी राहून कोणता कुणाकडे द्यायचा ते सांगत होती, सगळ्यात पहिला देवरे काकूंकडे. एकेक क्रेट उतरत होता, आणि प्रत्येक क्रेटला गाडी चिमटीएवढी वर येत होती.